येळवसच्या सकाळचे तेल

मित्रांनो, अंगणात रांजणाखाली जे काळे कडे दिसते ना, ते मी. रांजणाचे बूड गोल असते. नुसत्या जमिनीवर तो उभा राहत नाही, कलंडतो. त्याला खाली बैठक लागते आणि ती मी देतो. रोज सकाळी मातीतून झिरपलेले पाणी माझ्या अंगावरून ओघळते, दुपारी उन्हात वाळते. बघणाऱ्याला वाटेल, या टायरने आयुष्यभर हेच केले असावे. पण मी मोटरसायकलचा टायर आहे, मागच्या चाकाचा. सोलापुरातल्या एका लाल, देखण्या, पळणाऱ्या गाडीखाली मी होतो. फार दिवस नव्हतो. का नव्हतो, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म झाडाच्या चिकातून झाला. दक्षिणेकडे रबराची झाडे असतात. त्यांच्या सालीला चीर देऊन चीक गोळा करतात. त्या चिकात गंधक मिसळले, काजळी मिसळली, आत सुताचे थर घातले आणि मला लोखंडी साच्यात दाबून वाफेवर शिजवले. बाहेर आलो तेव्हा अंगावर खोल नक्षी होती आणि त्या नक्षीवर रबराचे बारीक केस उभे होते. नव्या टायरला असे केस असतात. रस्त्यावर चार दिवस पळाला की ते झडतात. साच्यातून येताना अंगाला एक गुळगुळीत चकाकीही येते. तीही रस्ता पुसून काढतो आणि मगच टायरला रस्ता धरता येतो. हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे या चकाकीपासून सुरू झाले.

साल १९७४. मंगळवार पेठेत सिद्धलिंगप्पांचे करडईच्या तेलाचे दुकान होते. त्यांच्या वडिलांच्या काळी मागच्या आवारात बैलाचा लाकडी घाणा होता. तो कधीच मोडला होता, पण तेलाचा वास भिंतींत राहिला होता. घरात माणसे चार. सिद्धलिंगप्पा, त्यांची विधवा बहीण नागम्मा, मुलगा विरुपाक्ष आणि त्याची बायको जगदेवी. विरुपाक्षची आई तो रांगत असतानाच गेली. नागम्माने त्याला वाढवले. तो तिला आत्ती म्हणे. घरात अर्धे बोलणे मराठीत चाले, अर्धे कानडीत. रागावणे मराठीत आणि समजूत घालणे कानडीत, असा साधारण रिवाज होता.

अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या बाजूच्या दुकानदारांकडे फिरून तेलाची मागणी आणायचे काम विरुपाक्षकडे होते. एस.टी.ने त्यात दिवस जाई. गाडी हवी, यावर घरात एकमत होते. कोणती, यावर नव्हते. सिद्धलिंगप्पांनी स्कूटरसाठी नाव नोंदवून ठेवले होते. त्या काळी स्कूटरचा नंबर यायला माणसाचे लग्न होऊन पोर शाळेत जाई. विरुपाक्षचे मन मात्र एका मोटरसायकलवर बसले होते. लाल टाकी, खाली झुकलेले हँडल आणि मागे दोन सायलेन्सर. तशी गाडी घेऊन पोरे मैदानावर शर्यती लावत. विरुपाक्षने शर्यत कधी लावली नाही, पण त्याला वेग आवडायचा, हे तो नाकारत नसे.

नागम्माचा आक्षेप वेगळाच होता. स्कूटरच्या पाठीशी एक जादा चाक बांधलेले असते. मोटरसायकलला ते नसते.

"वाटंत चाक फुटलं तर काय डोक्यावर घिऊन येणार हाईस?" तिने विचारले.

विरुपाक्षने सांगितले, पंक्चर काढणारे गावोगाव असतात. पण गाडी ठरवायला सगळे एजन्सीत गेले, तेव्हा तिथल्या माणसाने बोलता बोलता सांगून टाकले की टायरची सध्या फार ओढाताण आहे, नवा हवा असेल तर नाव नोंदवून महिनोन्‌महिने थांबावे लागते, म्हणून आहे ही जोडी जपा. त्याने ते सगळ्यांनाच सांगितले. मनावर घेतले ते एकट्या नागम्माने. ती माझ्यापाशी वाकली. माझ्यावरचे रबराचे केस तिने बोटाने हलवून पाहिले आणि जगदेवीला म्हणाली, "जावळ हाय गं ह्याला."

गाडी घरी आणण्याआधी सिद्धेश्वराच्या देवळापाशी नेली. दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हँडलला झेंडूचा हार घातला आणि माझ्याखाली लिंबू ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी चिरडले ते ते लिंबू. परत येताना विरुपाक्षने हट्टाने आत्तीला मागे बसवले. ती त्याच्या कमरेला असा विळखा घालून बसली की त्याला श्वास घेता येईना. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. आमच्या गाडीच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागे. पंपावरच्या माणसाने मापाने तेल टाकीत ओतले, तेव्हा नागम्मा मान उंच करून बघत होती.

"ह्याला बी तेल लागतंय व्हय?"

"लागतंय की. तेलाबिगर इंजिन जाम हुतंय," विरुपाक्ष म्हणाला.

तिला बरे वाटले. घाण्याच्या घरातली बाई ती. तिच्या हाताखालून ज्या ज्या वस्तूचे आयुष्य गेले होते, ती तेलावर टिकली होती. घाण्याचे लाकूड, बैलाच्या गळ्यातले चामडे, त्याची शिंगे, दाराच्या बिजागऱ्या आणि बिनआईच्या पोराची टाळू.

पहिले दिवस विरुपाक्षने मला फार सांभाळून चालवले. नवा टायर निसरडा असतो, चकाकी जाईपर्यंत गाडी वाकवू नका, असे एजन्सीतल्या माणसाने बजावले होते. ते त्याने पाळले. हळूहळू माझे केस झडले, चकाकी गेली, अंग खरखरीत झाले आणि मी रस्ता धरू लागलो. मित्रांनो, टायरच्या आयुष्यातले खरे सुख त्या खरखरीतपणात असते. वळणावर गाडी वाकली की मी कडेवर यायचो आणि डांबराला चिकटून राहायचो. विरुपाक्षला ते कळे. बायकोला तो सांगे की ही गाडी हाताने वळवावी लागत नाही, वळणाकडे नुसते बघितले की वळते.

नागम्माला मात्र दुसरेच दिसले. घेतला तेव्हा तुकतुकीत होता, महिन्याभरात रखरखीत झाला. सोलापूरची कोरडी हवा आणि ऊन तिला ठाऊक होते. हिवाळ्यात पायाला भेगा पडतात, लाकूड तडकते. रबरही तडकणार. जादा चाक तर नाहीच, आणि नवा टायर मिळत नाही.

आमच्याकडे अमावास्येला गाडीची पूजा करतात. त्या अमावास्येला तिने नारळ ओवाळला, लिंबू ठेवले आणि मग पितळी वाटीत करडईचे तेल घेऊन माझ्यापाशी बसली. चार बोटे बुडवून तिने माझ्या दोन्ही बाजूंना तेल चोळले. मग उठून पुढच्या टायरला लावले. मी पुन्हा काळा, तुकतुकीत दिसू लागलो. विरुपाक्षने ते पाहिले नाही. तो उठून आला तेव्हा गाडी पुसलेली आणि हार घातलेली होती, एवढेच त्याने पाहिले आणि आत्तीला हसून हात जोडले.

तेल माझ्या अंगात हळूहळू मुरले. रबराला तेल मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते, आतून कमजोर होते. मला ते जाणवत होते, पण जाणवणे आणि सांगणे यांत मोठे अंतर आहे. टायरला ते ओलांडता येत नाही. त्या वेळी तेल फक्त बाजूंना होते, पेठेतल्या धुळीने ते शोषले आणि काही बिघडले नाही. पुढच्या अमावास्येलाही तसेच झाले. बिघडले नाही, म्हणून तिची खात्री पटली.

मग मार्गशीर्षातली अमावास्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी दुकाने बंद, पेठ रिकामी. ज्याचे शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याचे नाही तो सोयऱ्याच्या. शेतात कडब्याची खोप करून पूजा करतात आणि भज्जी, आंबील, उंडे असे सगळे बांधावर बसून जेवतात. जगदेवीचे माहेर मैंदर्गीचे. वडिलांच्या शेतात येळवसला जायचे तिने फार दिवसांपासून ठरवले होते. लग्नानंतरची तिची पहिलीच येळवस. सिद्धलिंगप्पा दुसऱ्या सोयऱ्यांकडे सकाळच्या एस.टी.ने गेले.

दोघे तयार होत होते, तेव्हा नागम्मा अंगणात होती. इतक्या लांबचा रस्ता. सून पहिल्यांदा गाडीवर माहेरी चालली. तिने वाटी काठोकाठ भरून आणली. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती, त्यामुळे मी अधांतरी होतो. तिने एका हाताने मला फिरवत ठेवले आणि दुसऱ्या हाताने तेल लावत गेली. या वेळी बाजूच नाही, रस्त्याला लागणारी नक्षीही तिने सोडली नाही. नक्षीच्या खाचांत बोट घालून तेल भरले. आजवर कुणी मला इतक्या मायेने हात लावला नव्हता. तिचे काम संपले आणि ती हात धुवायला आत गेली, तोच दोघे बाहेर आले. जगदेवीच्या मांडीवर कडक भाकऱ्यांचे गाठोडे होते. ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसली.

"सावकाश जावा," नागम्मा दारातून म्हणाली.

तो सावकाशच गेला, हे मी साक्षीने सांगतो. त्याच्या मागे बायको होती आणि ती पहिल्यांदाच एवढ्या लांब बसत होती. शहरातून बाहेर पडेपर्यंत रस्ता सरळ होता. माझ्या नक्षीच्या मधल्या पट्ट्यावरचे तेल डांबराने पुसून काढले. म्हणून ब्रेक लागत होता, गाडी नीट धावत होती आणि विरुपाक्षला काही कळण्याचे कारण नव्हते. पण टायरची कड सरळ रस्त्यावर जमिनीला लागत नाही. ती लागते वळणावर, गाडी वाकल्यावर. माझ्या कडांवरचे तेल जसेच्या तसे होते.

वळसंगच्या अलीकडे एका ओढ्यापाशी रस्ता डावीकडे वळतो. विरुपाक्षने वेग कमी केला, गाडी नेहमीसारखी थोडी वाकवली आणि मी कडेवर आलो. तिथे धरायला काही नव्हते. मी घसरलो. माझ्यामागोमाग गाडी गेली आणि गाडीबरोबर ती दोघे. विरुपाक्षचा गुडघा सोलवटला. जगदेवी हातावर पडली. तिचे डावे मनगट मोडले. तिच्या लुगड्याचा काठ माझ्यात आणि रस्त्यात सापडून फाटला. भाकऱ्यांचे तुकडे ओढ्याच्या कडेला पसरले. मी धुळीत माखलो, आणि धुळीखाली तेल झाकले गेले. शेताकडे चाललेल्या एका बैलगाडीतली माणसे उतरून धावत आली. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग विरुपाक्षकडे. त्यांच्या बघण्यातच निकाल लागला होता.

सिद्धलिंगप्पा दवाखान्यात आले तेव्हा जगदेवीच्या हाताला प्लास्टर घालून झाले होते. विरुपाक्षने सांगितले की आपण सावकाश होतो, गाडी कशी गेली ते कळले नाही. सिद्धलिंगप्पांनी ते पुरते ऐकून घेतले.

"दोन-दोन सायलेन्सर लावून कोण सावकाश जातंय रे?" ते म्हणाले.

जगदेवीनेही सांगितले की खरेच सावकाश होते. त्यावर सासरे तिच्याशी मायेने बोलले, पण विश्वास ठेवला नाही. नवऱ्यावर पांघरूण घालते आहे, असे त्यांना वाटले. पेठेतही तसेच झाले. शेजारचे पेंडीचे व्यापारी भीमाशंकर यांनी विरुपाक्षला दुकानावर सगळ्यांसमोर विचारले, "काय म्हणं, येळवसला लोकं शेतात गेली, तू रस्ता मोजाय गेलतास?" लोक हसले. विरुपाक्षही हसला. पण त्यानंतर तो गिऱ्हाईकांशी मान वर करून बोलेनासा झाला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. खरे बोलूनही घरात कुणी मानत नाही, हे त्याला नवे होते. पुढे पुढे तर त्याला स्वतःवरच शंका येऊ लागली. एकदा तो जगदेवीला विचारत होता की, तुला नक्की आठवते ना, मी हळूच होतो?

सिद्धलिंगप्पांनी गाडीला हात लावायचा नाही, असे सांगितले. वाकलेले पायदान सरळ करून गाडी आवारात ताडपत्रीखाली उभी केली. गिऱ्हाईक मिळाले की विकायची.

जगदेवीने फाटलेले लुगडे बरेच दिवस तसेच गुंडाळून ठेवले होते. एका हाताने धुणे होत नव्हते. शेवटी एक दिवस तिने ते भिजवले. काठाजवळचा काळा डाग निघेना, म्हणून तो नाकाशी नेला. तिला वाटले, इंजिनाचे तेल असेल. पण तो वास ज्या घरात ती रोज वावरत होती त्या घराचा होता. करडईचे तेल. गाठोड्यात तर फक्त भाकऱ्या होत्या. तिला काही उलगडेना. तिने लुगडे वाळत घातले आणि कुणाला काही विचारले नाही.

पौषातल्या अमावास्येला तिला उलगडले. गाडी बंद पडून होती, तरी नागम्माने ताडपत्री वर केली. नारळ ओवाळला. मग वाटी घेऊन माझ्यापाशी बसली आणि एका हाताने मला फिरवत दुसऱ्या हाताने चोळू लागली. जगदेवी गळ्यात हात बांधून दारात उभी होती. नागम्मा तिला म्हणाली, "उभ्या उभ्या सुकतंय की गं. मुकं जनावर हाय, मागत न्हाय."

जगदेवीने त्या दुपारी विरुपाक्षला आवारात बोलावले, ताडपत्री उचलली, आत्तीला तेल लावताना पाहिल्याचे सांगितले आणि त्याचे बोट माझ्या कडेवरून फिरवले. त्याचे कोडे सुटले होते. तो खरा होता, हे त्याच्या बोटाला लागलेले होते. आता फक्त बाहेर जाऊन सांगायचे होते, आधी अप्पांना, मग पेठेला.

"सांगू नकोस," तो म्हणाला.

"तुमास्नी सगळी नावं ठेवत्यात की."

"ठेवू दे. आत्तीला कळलं तर ती ह्या घरात जेवायची न्हाय."

"आनि ती लावतीच हाय की अजून."

"गाडी उभीच हाय. उभ्या गाडीवरनं कोण पडतंय?"

त्याने बोट धोतराला पुसले. जगदेवीने मान हलवली, पण तिला ते पटले नव्हते. मलाही पटले नाही. गप्प बसण्यात त्याचे मोठे मन होते, हे खरे. पण ज्या गोष्टीने एकदा मनगट मोडले ती गोष्ट दर अमावास्येला तशीच चालू राहणार होती.

प्लास्टर निघाले. हाड सांधले होते, पण मनगट पूर्वीसारखे वळेना. भाकरी थापायला मनगट लागते. जगदेवीची भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला चिरलेली होऊ लागली. म्हणून नागम्मा पुन्हा चुलीपुढे बसली. आणि रोज दुपारी ती सुनेला समोर बसवून, तेल कोमट करून, तिचे मनगट चोळू लागली. तेच तेल, तीच वाटी. जगदेवी हात पुढे करून बसे. मी ताडपत्रीच्या फटीतून ते पाहत असे. नागम्मा चोळता चोळता विरुपाक्षला बोल लावायची. एवढे लाडाने वाढवले, पण बायको मागे बसली असताना तरी कार्ट्याने वेग आवरायचा होता. जगदेवी खाली बघत राही. मित्रांनो, त्या घरातले ते दिवस मला अपघातापेक्षा जड गेले.

फाल्गुनात गिऱ्हाईक मिळाले. मोडनिंबच्या हायस्कुलातले मुकुंद मास्तर. एका रविवारी ते पत्नीला, प्रभाबाईंना, घेऊन गाडी न्यायला आले. दोघे गाडीवरच परत जाणार होते. सिद्धलिंगप्पांनी त्यांना ओसरीवर बसवले. चहा झाला. विरुपाक्षने आवारातून गाडी बाहेर काढली, टायरांसकट पुसली, स्टँडवर लावली आणि चावी अप्पांच्या हातात देऊन बाजूला उभा राहिला. मास्तरांना गाडी पसंत होती. प्रभाबाई पदर खोचून, कुठे पाय ठेवायचा, काय धरायचे, ते जगदेवीला विचारत होत्या.

तेवढ्यात नागम्मा वाटी घेऊन आली. वाटी काठोकाठ भरलेली होती. घरची गाडी परक्या घरी चालली, तिला कोरडी कशी पाठवायची? तिने दिव्यावर विभूती ओढली, माझ्यापाशी बसली आणि मला फिरवायला हात लावला.

विरुपाक्षने जगदेवीकडे पाहिले. जगदेवी प्रभाबाईंकडे पाहत होती.

"आत्ती, ब्याड," तो म्हणाला. ब्याड म्हणजे नको.

"याक?" का, असे तिने मान वर न करता विचारले.

"रबराला तेल सोसत न्हाय."

ती हसली. "तुज्या टाळूला सोसलं, रबराला न्हाय सोसत?"

इथे तो काहीही सांगू शकला असता. मास्तरांना आवडत नाही, कपडे खराब होतात, असे काहीही. तो तोंड उघडून उभा होता, आणि मला वाटते, तसेच काही सांगणार होता. पण नागम्माचा हात माझ्यावर थांबला होता.

"मग येळवसला लावलं तवा का न्हाय बोललास?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर जगदेवीच्या मनगटावर गेली आणि तिथून खाली माझ्यावर आली. तिने आपली चार बोटे एकमेकांवर घासून पाहिली, जणू तेल पहिल्यांदाच हाताला लागत होते.

"तू सावकाश हुतास?" तिने विचारले.

"व्हय, आत्ती."

"तुला कवा कळलं?"

"पौषात."

तिने वाटी जमिनीवर ठेवली. मला वाटले, ती आत जाईल. ती उठून ओसरीकडे गेली आणि मास्तरांसमोर उभी राहिली. मोठ्या भावासमोर परक्या पुरुषाशी ती कधी बोलत नसे.

"गुर्जी, आज गाडी न्हेऊ नगा," ती म्हणाली. "ह्या चाकांना मी तेल पाजलंय. सुनंचा हात माज्यामुळं मोडला, पोराचा काय गुना न्हाय. बाई, तुमी बसू नगा ह्याच्यावर."

मग ती सिद्धलिंगप्पांकडे वळली, पण त्यांना काही सांगायची गरज उरली नव्हती. त्यांनी सगळे ऐकले होते. मास्तर समंजस होते. त्यांनी जास्त विचारले नाही आणि दोघे एस.टी.ने परत गेले. सिद्धलिंगप्पा ओसरीवर बसून होते. चावी त्यांच्या मुठीत होती. शेवटी ते उठले, विरुपाक्षजवळ आले आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

"टायरसाठी नाव नोंदव," एवढेच म्हणाले. या घरात बापाने मुलाची माफी मागायची झाली तर ती अशीच मागितली जाणार, हे विरुपाक्षला ठाऊक होते. त्याने मान डोलावली.

नव्या टायरची जोडी यायला पावसाळा उजाडला. तोवर गाडी उभीच होती. पुढचा टायर एका चांभाराने चपलांच्या तळव्यांसाठी नेला. मलाही तो नेणार होता. नागम्माने मला ठेवून घेतले. कशासाठी, हे तिने सांगितले नाही. तिने मला रिठ्याच्या पाण्याने घासून घासून धुतले आणि या रांजणाखाली बसवले.

त्या रविवारनंतर तिने तेलाच्या वाटीला हात लावला नाही. तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरात हे लपत नाही. दार कुरकुरले तरी ती तशीच आत-बाहेर करी. दुपारी जगदेवीचे मनगट चोळणेही थांबले. ती जेवत होती, कामे करत होती, पण विरुपाक्षच्या ताटात वाढताना हात आखडता घ्यायची, जणू आपल्या वाढण्यानेही काही होईल. विरुपाक्षने एकदोनदा बोलून पाहिले. ती म्हणाली, "तू खरं बोललास ते बरं केलंस. पर आदी बोलायचं हुतं."

एका दुपारी जगदेवी स्वतःच तेल कोमट करून घेऊन आली. इथेच, रांजणाजवळ नागम्मा भांडी घासत बसली होती. जगदेवी तिच्यासमोर बसली, वाटी मध्ये ठेवली आणि डावा हात पुढे केला. नागम्माने हात धुतले, पदराला पुसले, पण वाटीला लावले नाहीत. ती त्या मनगटाकडे बघत राहिली.

"लावू का?" तिने विचारले.

सुनेला असे तिने आजवर कधीच विचारले नव्हते. लावायचे, एवढेच तिला माहीत होते.

"लावा की, आत्याबाई," जगदेवी म्हणाली. "हाडाला चालतंय."

मनगट पुढेही पुरते सरळ झाले नाही. गाडी मात्र पुष्कळ वर्षे चालली. नव्या टायरांना अमावास्येला नारळ ओवाळत आणि धुळीचा फडका मारत, बाकी काही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही मुक्या वस्तू असतील आणि मुकी माणसेही. त्यांना जपा. पण तुमच्यापाशी जे आहे तेच त्यांना हवे असेल, असे धरून चालू नका. ज्याला बोलता येते त्याला आधी विचारा. ज्याला बोलता येत नाही त्याच्याबद्दल जाणणाऱ्याला विचारा. आणि एखाद्याच्या मायेने अपाय होतो आहे हे तुम्हाला कळले, तर त्याच दिवशी सांगा, पौषापासून फाल्गुनापर्यंत थांबू नका.

आता मी म्हातारा झालो आहे. उन्हाने अंगावर बारीक भेगा पडल्या आहेत. नागम्मा रांजण भरायला येते तेव्हा वाकून त्या भेगा बघते. तिचा हात आपोआप पुढे येतो आणि थांबतो. मग ती रांजणातले ओंजळभर पाणी माझ्यावर शिंपडते, ओला तळवा एकदा फिरवते आणि उठते.